घाणीचे फोटो

"मावशी, हात बाजूला घ्या. कॅमेऱ्याला पाणी लागेल."

"लागू दे." नळावरच्या बाईनं ओला पंजा कॅमेऱ्यासमोरून हलवला नाही. "भांडी घासताना कुणी फोटो काढतं का गं? तुझ्या आईचा काढला होतास असा?"

रांगेतल्या बायका खो खो हसल्या. फोटोवालीनं मान खाली घातली. खरं तर तिला नेमका तसाच फोटो हवा होता. नळावरचा चिखल, विखुरलेली भांडी, पिंजारलेले केस. बंदरालगतची ही गल्ली उठवून कंपनीला तिथं समुद्राकाठचा फिरायचा रस्ता करायचा होता. सरकारी सुनावणीत दाखवायला फोटो लागणार होते आणि कंपनीच्या साहेबांनी बजावलं होतं, "चांगलं काही दिसता कामा नये. ही जागा माणसांनी राहायच्या लायकीची नाही, एवढंच दिसलं पाहिजे."

शहराचे फोटो काढण्यात तिची हयात गेली होती. दीपगृह, घड्याळाचा मनोरा, मासळीबाजार, किनाऱ्यावरचं कंपनीचं पांढरंशुभ्र हॉटेल. कंपनीच्या कॅलेंडरवर दरवर्षी तिचेच फोटो असत. या गल्लीकडे मात्र तिनं कधी कॅमेरा वळवला नव्हता. कॅलेंडरला शोभेल असं इथं काय होतं?

"जेवणं उरकली की ये," नळावरची बाई म्हणाली. गल्ली तिला कप्तानीण म्हणायची. तिच्यापुढं नवऱ्याचं काय, वादळाचंही चालत नसे. "तेव्हा काढ हवे तेवढे. आम्ही काही पळून जात नाही."

दुपारी फोटोवाली परत आली आणि गल्लीच्या तोंडाशीच थबकली. रस्ता झाडून धुऊन लख्ख झाला होता. दारादारांत माणसं उभी होती. ठेवणीतले कपडे, चापूनचोपून बसवलेले केस. जाळी विणणारा म्हातारा खुर्चीत असा ताठ बसला होता की त्याच्या पाठीनं कुरकुरायचंही धाडस केलं नसतं. एक सून सासूला आरशासमोरून ओढून आणत होती. "आई, पुरे आता! तुमचं लग्न झालंय!" होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या दोघी बहिणींचे हात तेवढे काळे होते. ते धुवायला त्यांनी साफ नकार दिला होता. "हात गोरे दिसले तर आम्हाला ओळखणार कोण?"

"आता काढ," कप्तानीण म्हणाली. कमरेवर हात ठेवून ती आपल्या दारात उभी राहिली आणि थेट कॅमेऱ्यात बघू लागली. "कळू दे त्यांना, कुणाला उठवायला निघालेत ते."

फोटोवालीनं दार न् दार टिपलं. मग तिला साहेबांचे शब्द आठवले. गल्लीच्या मागून एक नाला वाहत होता. काळं, तेलकट पाणी. वास असा की नाक दाबून धरावं. तिनं त्याच्यावर कॅमेरा रोखला.

"त्याचेही काढतेस?" मागून कप्तानिणीनं विचारलं.

"काढते."

कप्तानीण घरात गेली. दार जरा जोरातच लागलं. ऊन उतरत होतं, घरची कामं वाट बघत होती. पण फोटोवाली निघाली नाही. नाल्याच्या काठाकाठानं, पाणी येत होतं त्या बाजूला, ती चालत राहिली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दारांतले फोटो पाहून कपाळावर हात मारला. "कुणाच्या लग्नाला गेला होतात का?" मग नाल्याचा पहिला फोटो समोर आला आणि त्यांचा चेहरा खुलला. "हां, हे! हेच पाहिजे होतं!" तेवढ्यात फोन आला. तो कानाला लावूनच त्यांनी कारकुनाला सांगितलं, "दारांचे काढून टाक. नाल्याचे सगळे घे."

फोटोवालीनं नाल्याचे सगळे फोटो कारकुनाला दिले.

सुनावणीच्या दिवशी घरातून निघताना नवरा म्हणाला, "अजून विचार कर. कॅलेंडरचं काम कायमचं जाईल."

"जाऊ दे. तू फक्त बरोबर चल."

सुनावणीच्या खोलीत अख्खी गल्ली येऊन बसली होती. पडद्यावर नाला उमटला. "बघा मॅडम," साहेब अधिकारीबाईंना म्हणाले, "असल्या घाणीत ही माणसं राहतात. त्यांच्याच भल्यासाठी सांगतोय."

मागच्या बाकावरून कप्तानीण ताडकन उठली. तिचं बोट साहेबांकडे नव्हतं. "केसानं गळा कापलास गं आमचा! दारात उभं केलं तुला, पाणी दिलं!"

"बसा मावशी," फोटोवाली म्हणाली. "सगळे फोटो बघू दे त्यांना."

साहेब खुशीत एकेक फोटो पुढे सरकवत होते. नाला. पुन्हा नाला. गल्ली मागं पडली. शेवटचं घरही मागं पडलं. पाणी काळंच होतं, उलट आणखी काळं. मग झुडपं आली, मग एक उंच भिंत. साहेबांचं बोट घुटमळलं.

"एवढे पुरेत, मॅडम."

"पुढचा दाखवा," अधिकारीबाई म्हणाल्या.

पुढच्या फोटोत भिंतीच्या बुडातून एक भलामोठा पाइप बाहेर आला होता आणि त्यातून ते काळं पाणी नाल्यात कोसळत होतं. भिंतीमागं एक उंच, पांढरीशुभ्र इमारत उभी होती. अधिकारीबाई पुढे वाकल्या.

"ही इमारत कुणाची?"

साहेब समोरचे कागद चाळू लागले. फोटोवाली उभी राहिली.

"मला घाण शोधायला ज्यांनी पाठवलं ना मॅडम, त्यांची."