सत्तरपैकी एक

पाकीट फोडताच दामोदर खांबेटे जिन्यातच नाचू लागले. नाण्यांना दर्जा देणाऱ्या संस्थेने त्यांच्या तांब्याच्या पैशाला सत्तरपैकी एक गुण दिला होता.

समोरच्या टिल्लूबाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. पेढा हातात घेऊन त्या हळहळल्या, "एकच? पुढच्या वेळी नीट तयारी करा."

"अहो बाई, झिजलेली नाणी जमवणाऱ्यांत याहून मोठा मान नाही. राजा गेला, अक्षरं गेली, जेमतेम साल उरलंय. मागच्या नाण्याला दोन मिळाले, तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो."

बाई घाईने आत गेल्या आणि एक गुळगुळीत रुपया घेऊन आल्या. त्यांचे मास्तर वडील पेपर तपासताना तो आयुष्यभर अंगठ्याने चोळत बसायचे.

"खांबेटे," बाईंनी मोठ्या आशेने विचारलं, "हा नापास होईल ना?"