एक्केचाळीस चुका

या, असे जवळ येऊन बसा मंडळी, मत्सराच्या पोटी पुण्य कसं जन्मलं ते सांगतो.

हेरंबने अंधांसाठी मराठी मजकूर वाचून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर लिहिलं होतं. ते वापरून चुका सांगायला माणसं हवीत म्हणून वर्षभर त्याने विनवण्या केल्या. मिळाले तिघं, त्यांतले एक सासरेबुवा. आणि ऋजुता नावाच्या कुणा बाईच्या तसल्याच सॉफ्टवेअरला दोनशे माणसं मिळाली, वर देणग्याही! हेरंबच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आता बघच, कशी तिची लक्तरं वेशीवर टांगतो," असं बायकोला बजावून तो ऋजुताचं सॉफ्टवेअर उघडून बसला. आठ दिवस डोळ्यांवर बायकोची ओढणी बांधून त्याने ते वापरलं. जोडाक्षर कुठे अडखळतं, तारीख कुठे चुकते, सारं बारकाईने लिहून एक्केचाळीस चुका चारचौघांत मांडल्या आणि तिच्या फजितीची वाट पाहू लागला.

तिचाच फोन आला. "दादा, दोनशे जणांनी नुसतं 'छान छान' लिहिलं हो! एवढ्या मायेने तुम्हीच पाहिलंत."

"माया कसली ताई, जळत होतो मी," हेरंबच्या तोंडून निघून गेलं.

ती खळखळून हसली. "मग असेच जळत राहा, पण इकडे येऊन. दोन सॉफ्टवेअर कशाला?"

आता दोघांचं ते एकच सॉफ्टवेअर अंध मंडळींना पोथी वाचून दाखवतं. तुमच्या आळीत कधी ते ऐकू आलं, जोडाक्षर न अडखळता उमटलं, तर हात जोडताना त्या जळक्या हेरंबचीही आठवण ठेवा.