कबूल

“गहिनीनाथ भिमाजी हा इसम मयत आहे, हे कबूल आहे काय?”

दयाने नोटीस मोठ्याने वाचली आणि तिला हसूच फुटलं. गहिनीनाथ तिच्यासमोर बसून बशीतला चहा फुंकत होता.

फक्त आता त्या नावाने त्याला कुणी हाक मारत नव्हतं. पोरवयात तो तिसगावातून मुंबईला पळाला, गिरणीत राबला, बाप्तिस्मा घेऊन कृपादान झाला. दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षी लेकीला घेऊन गावी परतला, तर धाकटा भाऊ बन्सी रानातला वाटा देईना, म्हणून दावा लावला. ‘माझा भाऊ मुंबईत पटकीने मेला, हा कुणी तोतया आहे,’ असं त्याने कोर्टात चक्क लिहून दिलं. आणि साक्षीपुरावा सुरू होण्याआधी ही नोटीस धाडली. कायद्यात तशी सोयच आहे. समोरच्याला आधी विचारायचं, काय काय कबूल? तो जे कबूल करील, ते मग शाबीत करावं लागत नाही.

“बाबा, मी सरळ ‘नाकबूल’ लिहिते. मोठ्ठ्या अक्षरात!” दयाने टाक शाईत बुडवलासुद्धा.

“थांब. मागल्या बाजाराला म्या येशूची साक्ष दिली, ती इसरलीस व्हय?”

कशी विसरेल? भर बाजारात उभा राहून, घसा फोडून बाबा म्हणाला होता, ‘गहिनीनाथ मेला! ह्यो उभा हाय त्यो कृपादान, नवा मानूस!’ गर्दीत बन्सीकाकाही होता, शेंगदाणे खात. सगळ्यांत जास्त मान तोच डोलावत होता.

“अहो, ती देवापुढची साक्ष! कोर्टातली वेगळी असते.”

“देवापुढं एक आन् कोर्टापुढं एक? मंग मी कुनाचा? लिही, कबूल.”

“निदान आपल्या वकिलांना तरी विचारू या.”

“खरं बोलाया वकील लागतो व्हय गं?”

तिने लिहिलं. तिच्या वळणदार अक्षराला शाळेत बक्षीस होतं. बाबाने खाली सही ठोकली.

कोर्टात त्यांच्या वकिलांनी तो कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला. प्रतिपक्षाला एकही साक्षीदार उभा करावा लागला नाही. दावा गेला.

आता मेला म्हटल्यावर दिवस घालणं आलंच. बन्सीने मिशा उतरवल्या आणि नदीकाठी भावाचा दहावा मांडला. अख्खी भावकी जमली. पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. झाडावर बसून नुसता मान वाकडी करून बघत राहिला. ऊन चढलं, पोरं रडायला लागली, पत्रावळी वाऱ्याने उडायला लागल्या.

“इच्छा ऱ्हायलीया त्याची,” भावकीतली म्हातारी छबूबाई म्हणाली. “कायतरी कबूल कर रं बन्सी, त्याबिगर शिवायचा न्हाई.”

बन्सीने इकडेतिकडे पाहिलं. मग हात जोडले आणि घाईघाईने म्हणाला, “दादा, तुज्या दयाला रानात वाटा देतो. कबूल!”

कावळा झेपावला आणि घास घेऊन उडाला.

बांधावर उभी असलेली दया धावतच खाली आली. “ऐकलंत ना? सगळ्यांनी ऐकलंत ना? त्यांनी माझं नाव घेतलं! चला, कोर्टात सांगा!”

पंगत बसली. बन्सी बुंदी वाढू लागला. कृपादान लेकीच्या मागे येऊन उभा राहिला, तसं त्याच्यावरून सगळ्यांची नजर पार पलीकडे, नदीवर गेली.

छबूबाईने शेजारची जागा पदराने पुसली.

“बस पोरी, दोन घास खा,” ती मायेने म्हणाली. “तुज्या बापाचा दहावा हाय.”