सहा देशांचं नळकांडं

मांताहून आलेल्या संशोधक नोएमीबाईंनी आमच्या दारातच लॅपटॉप उघडला. "सेन्योरा, समुद्र किती कार्बन गिळतो ते मोजायचं आमचं एक पिवळं नळकांडं भरकटलंय. दोन महिने झाले, ते रोज पहाटे समुद्रात जातं आणि दुपारी परत याच किनाऱ्याला लागतं. असा कुठे प्रवाह असतो का? उपग्रहावरून त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या सहा देशांतल्या लोकांची डोकी फिरलीत."

मला हसूच फुटलं. बाबांच्या जाळ्यात सापडल्यापासून आईने ते त्यांच्या होडीला बांधून टाकलंय. आत्ताही समोर वाळूवर होडी होती आणि तिला ते लटकत होतं. "एवढं शिकलात, पण होडी कुणालाच सुचली नाही?" मी म्हणाले.

"तू गप गं," म्हणत आईने बाईंपुढे कॉफी आणि बोलोन, केळ्याचे तळलेले गोळे, ठेवले. "सहाही देश रोज बघतात याच्याकडे?"

"रोज. एक दिवस चुकवला नाही. नजरेआड होऊन कसं चालेल?"

आई शांतपणे त्यांच्यासमोर बसली. "माझा थोरला, एदर, गेल्या साली होडीसकट हरवला. सरकारने चार दिवस शोधलं आणि सोडून दिलं."

नोएमीबाईंनी हातातला बोलोन खाली ठेवला.

"तुमचं आहे, खुशाल न्या," आई म्हणाली. "फक्त एवढं सांगा, उद्या पहाटे माझ्या नवऱ्याला मी कुणाच्या भरवशावर पाठवू?"