दादाच्या गाण्यांखालचे नाच

चिमणीच्या नाचाचे तिन्ही व्हिडिओ दादाने हार्ड डिस्कवरून उडवले होते, तेही नृत्यपथकाच्या निवडीच्या तोंडावर! "अगं, चुकून झालं," दुकानातही तो दात काढत सांगत होता.

"नंतर यात काही भरलंत का?" दुरुस्तीवाल्या काकांनी विचारलं.

"माझी गाणी. जागा रिकामीच होती ना!"

काकांनी कपाळावर हात मारला. "अरे बाबा, पुसलेलं लगेच जात नाही, खाली पडून असतं. वर दुसरं भरलं की मरतं. बघतो."

पण पहिला नाच सापडला, अख्खा! स्क्रीनवर स्वतःला गरागरा फिरताना पाहून चिमणीने टाळ्याच पिटल्या.

दादाची गाणी शाबूत आहेत ना, हे बघायला काकांनी त्याच्या एका गाण्याचा व्हिडिओ लावला. गिटार वाजत होती, दादाचे ओठ हलत होते, आवाज मात्र नव्हता.

"काका, हे काय..." दादा म्हणाला. पुढे त्याचे नुसतेच ओठ हलत राहिले.

दुसरा नाच सापडला. आता गाण्यात दादाची खुर्ची रिकामी होती आणि गिटारच्या तारा आपोआप थरथरत होत्या. चिमणीने वळून पाहिलं. दादाच्या आरपार मागचं कपाट दिसत होतं. त्याने तिचा हात धरला, तर मनगटाला नुसता गार वारा लागला.

"एकच राहिलाय," काका स्क्रीनकडे बघतच म्हणाले. "पण वरची गाणी बिघडताहेत. थांबवू का?"

दादा काकुळतीने हात जोडत होता.

चिमणी खुर्ची पुढे ओढून बसली.

"छे हो काका," ती गोड हसून म्हणाली, "मला तिन्ही हवेत."