फ्लेक्सवरची सरिता

"हस की गं जरा. मशिनवर हात ठेव अन् हस."

चार वर्षांपूर्वी फोटो काढणारा म्हणाला होता, आणि सरिता हसली होती. सातपूरच्या कारखान्यात तिचा तो तिसरा दिवस. नवा निळा कोट, गळ्यात ओळखपत्र, तळहाताखाली गार लोखंड. तेच हसू आता दहा फुटांचं होऊन पेठ रस्त्यावरच्या माळावर, शिबिराच्या अर्धवट भिंतीवर ताणून बसवलं होतं. चारी कोपरे तारेनं आवळलेले. वारा आला की हसू फुगायचं, पण सुटायचं नाही.

खाली खरी सरिता उभी होती. कोट तोच, धुऊन धुऊन विटलेला.

माळ सकाळपासून माणसांनी गजबजला होता. डोंगरातल्या पोरापोरींनी इथं सहा महिने राहायचं, जेवायचं आणि मोटारी, पंप, यंत्रं दुरुस्त करायला शिकायचं. फी काही नाही. पत्रे आणि सिमेंट शिबिर चालवणाऱ्या संस्थेचं, खांब मात्र पाड्यांचे. प्रत्येक पाड्यानं आपल्या रानातला एक खांब खांद्यावर वाहून आणायचा आणि आपल्या हातानं रोवायचा, असं ठरलं होतं. सात पाडे आले, सात खांब उभे राहिले. संस्थेच्या तेजलताई किटलीतून चहा वाटत फिरत होत्या आणि भेटेल त्याला सांगत होत्या, ही सरिता नसती तर एकसुद्धा खांब आला नसता.

ते खरंच होतं. उन्हाळाभर दर रविवारी ताईंनी तिला, कारखान्यात लागलेली पोरगी म्हणून दाखवायला, पाड्यापाड्यावर नेलं होतं. आयाबाया तिच्या कोटाची बाही चिमटीत धरून बघायच्या, मग आपल्या पोरीकडं बघायच्या.

कारखान्यानं सातव्या महिन्यातच तिला घरी बसवलं होतं, हे त्यांना कुठून कळणार? कायम करायला लागू नये म्हणून कंत्राटी माणसाला आधीच काढून टाकायचं, ही तिथली रीत. सरितानं दुसरी दारं वाजवली. तिथंही तीच रीत. शेवटी ती दिंडोरीकडं द्राक्षबागेत मजुरीला लागली. तिची आई आयुष्यभर जिथं वाकली, तिथंच. रविवारी मात्र पेठ नाक्यावरच्या संडासात शिरून ती कोट चढवायची, परत करायचं राहून गेलेलं ओळखपत्र गळ्यात घालायची आणि साहेबीण होऊन बाहेर पडायची. दोनदा ताईंना सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलं होतं. पहिल्या वेळी ताई फोनवर कुणाला तरी तिचीच गोष्ट सांगत होत्या. दुसऱ्या वेळी ताईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. शब्द आले तसे माघारी गेले. ओळखपत्राची नाडी मग दिवसभर मानेला दाव्यासारखी काचत राहायची.

दसरा तोंडावर होता. उतारांवर खुरासणीची शेतं फुलून पिवळी झाली होती. बागांची छाटणी लागणार म्हणून मजुरांच्या टोळ्या डोंगर उतरत होत्या. तशातच हिरामण मुकादमाची पिकअप माळाशी येऊन थांबली. भांडी, गोधड्या, माणसं, सगळं एकात एक कोंबलेलं. त्यातून भागीबाई उतरली. तिच्या मागं तिची सतरा वर्षांची रोशनी, कपड्यांची पिशवी छातीशी धरून.

पोरीला शिबिरात ठेवायला आणलंय, असं भागीबाई म्हणाली. हिरामणला ते रुचलं नव्हतं. टोळी पुरी भरलीय, आज ही उतरली तर तिच्या जागी दुसरी घेईन, मग हंगामभर दारात येऊ नका, असं त्यानं गाडीतूनच बजावलं. वर टोमणाही मारला, की पोरगी मॅडम झाली म्हणजे बागेत आमच्या डोक्यावर पंखा लावंल बहुतेक. गाडीतली माणसं हसली. भागीबाई हसली नाही. तिनं लेकीचा हात धरला आणि सरिताच्या हातात दिला.

तो हात खरबरीत होता, घामेजलेला होता. रोशनी सरिताकडं बघतच नव्हती. ती वर फ्लेक्सकडं बघत होती. सरिताला वाटलं, तारेचा आणखी एक वेढा पडला, आणि ह्या वेढ्यात आता आपण एकट्या नाही.

"मावशी, हिला घेऊन जा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "मी कंपनीत नाय. तीन वर्षं झाली. मी पण बागेतच जाते, तुमच्यासारखी. हा कोट नुसता नाक्यावर चढवते."

खांबांभोवती माती ठोकणारे हात थांबले. तेजलताईंच्या हातातली किटली तिरकी झाली, चहा मातीत सांडत राहिला आणि त्यांना कळलंही नाही. हिरामणनं हॉर्न दाबला. "ऐकलंस ना, भागे? चढव पोरीला."

सरितानं रोशनीचा हात सोडला. मान वर करायचं तिला धाडस होईना.  भागीबाईनं लेकीचा हात उचलला आणि पुन्हा सरिताच्या हातात ठेवला.

"मला ठावं हाय, बाय. पौषात बागेत तुझ्या शेजारची ओळ माझीच व्हती. तू तोंडाला फडकं बांधून लपायचीस, म्हनून मी बोलले नाय. पन त्या दिशी फवारनीचा पंप बंद पडला, सगळे बाप्ये कमरंवर हात ठेवून उभे, अन् तू पाना मागून घेतलास, पंप खोलून चालू केलास, अन् गुमान परत घडाखाली जाऊन बसलीस. मी कोट बघून नाय आनली माझी रोशनी."