पाहुण्याचं ताट

नाताळच्या दुपारी जावई आत आला तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. दरवर्षी ते तसंच असायचं. त्या दिवशी कडी लावायची नाही आणि टेबलावर एक ताट जास्तीचं मांडायचं, हा त्याच्या सासऱ्यांचा, घड्याळजींचा नियम. जो येईल त्याला प्रभूने पाठवलं असं समजायचं. तीस वर्षांत त्या ताटावर एक पत्ता चुकलेला पोस्टमन आणि शेजारच्या मावशी, एवढीच माणसं जेवली होती. घड्याळजींची बायको थट्टेने म्हणायची, प्रभूलाही आपला पत्ता सापडत नाही बहुतेक.

यंदा मात्र चर्चमधून आल्यापासून ती कडी लावा म्हणून मागे लागली होती. घड्याळजी बधले नाहीत. एका माणसाच्या भीतीने प्रभूला दार बंद करायचं का, असं त्यांनी विचारलं आणि जास्तीचं ताट मांडलं.

जिन्यात जावयाचा आवाज आला तेव्हा लेक मिठाची वाटी घेऊन येत होती. तिने वाटी कशीबशी टेबलावर ठेवली, चार वर्षांच्या पोरीला उजव्या हाताने उचललं आणि आतल्या खोलीत शिरली. डावा हात प्लास्टरमध्ये होता. ह्याच माणसाने तो मोडला होता, आणि म्हणून ती महिन्यापूर्वी पोरीला घेऊन माहेरी आली होती. आतून कडी सरकल्याचं तिच्या आईने ऐकलं. सशाचं चित्र असलेलं पोरीचं छोटं ताट आईने तेवढ्यात उचलून बाजूच्या कपाटावर ठेवलं आणि वर फडकं टाकलं. लेकीचं ताट उचलायला वेळ मिळाला नाही.

जावयाने बूट काढले, केकचा खोका टेबलावर ठेवला, दोघांना नाताळच्या शुभेच्छा दिल्या. पहिल्यापासून त्याचं बोलणं साखरेत घोळलेलं. महिनाभरात त्याने तीनदा फोन केला होता आणि तिन्ही वेळा घड्याळजींनी सांगितलं होतं की ती इथे आलेली नाही. गिऱ्हाइकाला कधी खोटा वायदा न केलेला हा माणूस फोन ठेवला की दर वेळी जाऊन हात धुवायचा.

खुर्ची ओढण्याआधी जावयाने ताटं मोजली.

“तुम्ही दोघं आणि एक पाहुण्याचं,” तो म्हणाला. “चौथं कुणाचं, मम्मी?”

शेजारच्या मावशी यायच्या आहेत, असं तिने सांगून टाकलं.

“मावशी आत्ताच जिन्यात भेटल्या. लेकाकडे निघाल्यात त्या.”

तो पाहुण्याच्या ताटावर बसला, रुमाल मांडीवर पसरला. चालता हो, हे शब्द घड्याळजींच्या ओठांवर आलेले तिला दिसत होते. पण ते ताट त्यांनी स्वतःच्या हाताने मांडलं होतं.

“प्रार्थना करा ना, पप्पा. भूक लागलीये.”

घड्याळजींची प्रार्थना चर्चच्या मंडळीत प्रसिद्ध होती. अर्ध्या मिनिटाच्या वर म्हणून जायची नाही. लोक म्हणायचे, ह्यांनी देवालाही वेळ ठरवून दिली आहे. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले, अन्नाबद्दल आभार मानले, ज्यांना मिळत नाही त्यांनाही दे म्हणाले. एरवी इथेच शेवट व्हायचा.

आणि आईच्या ध्यानात आलं. महिनाभरात आजोबांनी नातीला एकच गोष्ट शिकवली होती. प्रार्थना संपली की खणखणीत आमेन म्हणायचं, मग भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायला मिळते. पोर एकदाही चुकली नव्हती. न्हाणीघरात असली तरी तिथून ओरडायची. आतली खोली तर एका पातळ दारापलीकडे होती.

घड्याळजी थांबले. त्यांच्याही ध्यानात आलं होतं. त्यांनी श्वास घेतला आणि मंडळीतल्या आजाऱ्यांसाठी मागायला लागले. मग विधवांसाठी. मग येणाऱ्या वर्षासाठी, त्यातल्या एकेका महिन्यासाठी. समुद्रावरच्या खलाशांसाठीसुद्धा, त्यांच्या ओळखीचा एकही खलाशी नव्हता. सूपवर साय धरली. आई आपली वेगळीच प्रार्थना करत होती, की लेकीने पोरीच्या तोंडावर हात ठेवावा. पण लेकीला हात एकच. त्या हाताने ती दाराची कडी धरून बसली असेल, की पोरीचं तोंड?

आईने डोळे किलकिले केले. जावयाचे डोळे उघडेच होते. तो आतल्या दाराकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता.

घड्याळजींचा आवाज चिरकू लागला. मागायचं सगळं मागून झालं होतं. आता ते ह्या घरासाठी मागत होते. “आमची चूक झाली असेल तर पदरात घे, बापा. पण हे दार तू सांभाळ. ह्या दारातून...”

“आमेन,” जावई मोठ्याने म्हणाला.

घड्याळजींचं वाक्य अर्धंच राहिलं. आई भिंतीवरची टिकटिक मोजत राहिली. एक, दोन, तीन. चौथ्या टिकटिकीला तिला वाटलं, ऐकलं देवाने.

“आमेन,” आतून खणखणीत आवाज आला. “आजोबा, चावी.”

जावई सावकाश उठला. कपाटावरचं फडकं त्याने बाजूला केलं, सशाचं ताट आणून टेबलावर मांडलं, आणि पुन्हा येऊन बसला.

“बोलवा दोघींना, मम्मी,” तो म्हणाला. “जेवण गार होतंय.”